शहर वाढतं तेव्हा निसर्गाची कोणती कामं बंद पडतात?

उन्हाळ्यात 'तापमानाचा नवा उच्चांक', पावसाळ्यात 'दोन तासांत रस्ते पाण्याखाली' आणि पाऊस संपून चार महिने होत नाहीत तोच 'विहिरी आटल्या'. या तीन बातम्यांच्या तक्रारी तीन वेगळ्या खात्यांकडे जातात आणि त्यांवरचे उपायही वेगवेगळे शोधले जातात. जमिनीच्या बाजूने पाहिलं, तर तिन्हींचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. पूर्वी जी जमीन हवा थंड ठेवणं, पाणी थोपवणं आणि मुरवणं ही कामं गुपचूप करत होती, तिच्यावर डांबर, फरशी किंवा स्लॅब पडला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगातले ५५ टक्के लोक शहरांत राहत होते आणि २०५० पर्यंत हा आकडा ६८ टक्क्यांवर जाईल. शहरं वाढणारच आहेत. त्यामुळे वाढताना नेमकं काय तुटतं, त्यातलं काय विकत घेता येतं आणि काय कितीही पैसे मोजले तरी बाहेरून आणता येत नाही, हे समजून घेणं उपयोगाचं आहे.

आधी व्याख्या

एखाद्या जागेतली माती, पाणी, झाडं, प्राणी, सूक्ष्मजीव आणि त्यांचे आपसातले व्यवहार मिळून 'परिसंस्था' होते. तळं ही परिसंस्था, ओढ्याचा काठ ही परिसंस्था आणि रस्त्याकडेची झाडांची रांग हीसुद्धा एक लहानशी परिसंस्थाच. तिच्यापासून माणसाला जो फायदा मिळतो त्याला 'परिसंस्था सेवा' म्हणतात. पुढे सोयीसाठी आपण 'निसर्गाची कामं' म्हणू.

२००५ साली 'मिलेनियम इकोसिस्टम असेसमेंट' हा मोठा जागतिक अभ्यास पूर्ण झाला. त्यात या कामांचे चार गट केले आहेत. पहिल्या गटात हातात येणाऱ्या वस्तू: अन्न, पाणी, लाकूड. दुसऱ्यात नियंत्रणाची कामं: पूर थोपवणं, हवा थंड ठेवणं, सांडपाणी साफ करणं, परागीभवन. तिसऱ्यात मनाला आणि समाजाला मिळणारं: विरंगुळा, खेळ, सौंदर्य, श्रद्धा. चौथा गट या सगळ्यांचा पाया, म्हणजे माती तयार होणं आणि पोषक द्रव्यांचं चक्र. त्या अभ्यासात तपासलेल्या २४ सेवांपैकी १५ सेवांची घसरण चालू होती.

घरात एकच माणूस स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजारी माणसाची देखभाल आणि हिशेब असं सगळं बिनपगारी करत असतो. तो असेपर्यंत त्या कामांची किंमत कुठेच लिहिली जात नाही. तो नसला की चार जणांना वेगवेगळा पगार द्यावा लागतो. ओढ्याकाठच्या पाणथळ जमिनीचं तसंच आहे. ती पूर थोपवते, पाणी गाळते, विहिरी भरते, हवा थंड ठेवते आणि पक्ष्यांनाही जागा देते. ती बुजवल्यावर पर्जन्यवाहिनी, शुद्धीकरण केंद्र, पाइपलाइन आणि एसी अशी चार स्वतंत्र बिलं सुरू होतात.

आयात होणारी कामं आणि न होणारी कामं

या विषयावरच्या चर्चेत एक भेद बहुतेक वेळा निसटतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

निसर्गाची काही कामं दूर होतात आणि त्यांचं फळ शहरात आणता येतं. धान्य, लाकूड आणि धरणाचं पाणी ही त्याची उदाहरणं. बाल्टिक समुद्राच्या खोऱ्यातल्या २९ मोठ्या शहरांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. या शहरांना लागणारी संसाधनं पुरवायला आणि त्यांचा कचरा-धूर पचवायला शहरांच्या स्वतःच्या क्षेत्रफळाच्या किमान ५६५ ते ११३० पट जमीन आणि समुद्र लागतो, असा हिशेब त्यात निघाला. म्हणजे या गटाच्या बाबतीत शहर कायम परावलंबी असतं आणि व्यापारामुळे ते चालूनही जातं.

दुसऱ्या गटातली कामं जिथे व्हायला हवीत तिथेच व्हावी लागतात. सावली ट्रकमधून येत नाही. पन्नास किलोमीटरवरच्या जंगलाने पाणी मुरवलं म्हणून तुमच्या चौकात तुंबलेलं पाणी ओसरत नाही. गंमत अशी की शहरात याच कामांची गरज सर्वांत जास्त असते, कारण त्यांचा फायदा घेणारी माणसं तिथेच दाटीने राहतात, आणि नेमकी तिथेच ती करणारी जमीन झाकली जाते. एकाच जागी मागणी वाढते आणि पुरवठा तुटतो. हे लक्षात ठेवलं की 'शहराबाहेर शंभर एकरांवर वनीकरण केलं' या दाव्याकडे कसं पाहायचं ते कळतं. त्या वनीकरणाचे इतर फायदे खरे असतील, पण चौकातल्या उकाड्यावर तो उपाय नाही.

पाणी कुठे जातं?

एक हेक्टर जमिनीवर वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणून वर्षाचं पाणी झालं एक कोटी लिटर. झाडझाडोरा असलेल्या नैसर्गिक जमिनीवर ढोबळमानाने त्यातलं ४० टक्के पाणी बाष्प होऊन परत हवेत जातं, ५० टक्के मुरतं आणि फक्त १० टक्के पृष्ठभागावरून वाहतं. तीन चतुर्थांशाहून जास्त जमीन झाकलेल्या भागात हेच प्रमाण ३०, १५ आणि ५५ टक्के होतं. उतार आणि मातीनुसार आकडे बदलतात, पण चित्र हेच राहतं.

म्हणजे त्याच पावसात वाहणारं पाणी १० लाख लिटरवरून ५५ लाख लिटरवर जातं आणि मुरणारं ५० लाखांवरून १५ लाखांवर येतं. पावसाळ्यातला पूर आणि उन्हाळ्यातली कोरडी विहीर हा एकाच बेरजेचा जमा आणि खर्च आहे.

प्रमाणाइतकाच वेगही महत्त्वाचा. गवत आणि पालापाचोळ्यातून पाणी रेंगाळत ओढ्यापर्यंत पोचतं. सिमेंटच्या नाल्यात त्याला अडवायला काहीच नसतं, त्यामुळे सगळ्या भागांतलं पाणी जवळजवळ एकाच वेळी खालच्या वस्तीत येऊन आदळतं. नाला सरळ आणि गुळगुळीत केल्यावर वरच्या भागातली तक्रार मिटते आणि खालच्या भागातली वाढते. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात २०१७ साली हार्वे वादळात जो महापूर आला, त्यावर २०१८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. शहरीकरणामुळे अशा टोकाच्या पुराची शक्यता सरासरी सुमारे २१ पट वाढली, असं त्यात म्हटलं आहे. त्यात झाकलेल्या जमिनीचा वाटा होताच, शिवाय इमारतींच्या अडथळ्याने वादळातला पाऊसही वाढला होता.

वाहत्या पाण्याबरोबर रस्त्यावरचं तेल, धातूंचे कण आणि टायरची झीजही जाते. २०२० साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या संशोधकांनी शोधून काढलं, की टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात घातलेल्या एका रसायनाची ओझोनशी प्रक्रिया होऊन जो पदार्थ बनतो, तोच कोहो सॅमन मासे मारतो. पावसानंतर ओढ्यात मासे का मरतात, हे कोडं तिथे वर्षानुवर्षं सुटत नव्हतं.

"पण आमच्या शहरात भूजल उलट वर आलंय," असं कोणी म्हणालं तर तेही खरं असू शकतं. जुन्या जलवाहिन्या आणि मलवाहिन्या गळतात आणि ते पाणी खाली जिरतं. पातळी वाढते, पण त्यात मलवाहिनीचं पाणी मिसळलेलं असतं. तळघरं ओलावतात ती वेगळीच.

झाडाची सावली आणि झाडाचा घाम

शहर आसपासच्या गावांपेक्षा गरम असतं, हे ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनमध्ये मोजून दाखवलं होतं. आज याला 'उष्णतेचं बेट' म्हणतात. डांबर आणि काँक्रीट दिवसा ऊन साठवतात आणि रात्री सोडतात, गाड्या आणि यंत्रं आपली उष्णता त्यात घालतात, उंच भिंतींमुळे ती आकाशाकडे निघून जाऊ शकत नाही. म्हणून हा फरक दुपारपेक्षा रात्री जास्त जाणवतो. उष्णतेच्या लाटेत शरीराला विसावा मिळतो तो रात्री, आणि तोच हिरावला जातो.

झाड दोन प्रकारे मदत करतं. सावली तर दिसतेच. दुसरं म्हणजे पानांतून पाणी बाष्प होऊन जातं आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते भोवतालातून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट ऊर्जा लागते. चांगलं पाणी मिळणाऱ्या मोठ्या झाडाने दिवसभरात १०० लिटर पाणी सोडलं, तर ६८ युनिट उष्णता शोषली गेली. दहा तासांत विभागली तर ती एक टनाचे दोन एसी पूर्ण वेळ चालवण्याइतकी होते. फरक असा, की एसी खोलीतली उष्णता बाहेर गल्लीत टाकतो, वर स्वतःची भर घालतो. अर्थात उघड्यावरचा हा थंडावा वाऱ्याने पसरतो, झाडाखाली एसीची खोली तयार होत नाही. वेगवेगळ्या शहरांतली मोजमापं एकत्र केली तेव्हा दिवसा बागांमधली हवा आसपासपेक्षा सरासरी एक अंशाच्या आसपासच थंड निघाली. अंगावर थेट ऊन न पडल्याने वाटणारा फरक मात्र याहून बराच मोठा असतो.

यातली अट 'चांगलं पाणी मिळणारं झाड' ही आहे. पाणी कमी पडलं की झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं आणि हे यंत्र बंद पडतं. आता फुटपाथवरचं झाड पाहा. आठ मीटर व्यासाचा डेरेदार विस्तार म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर छत्र. त्याला साधारण १५ ते ३० घनमीटर भुसभुशीत माती लागते. प्रत्यक्षात त्याला मिळतो एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, म्हणजे एक घनमीटर, आणि भोवती रोलरने दाबलेला मुरूम. मग झाड खुरटं राहतं, मुळं फरशी उचलतात आणि दोष झाडाच्या जातीवर जातो.

झाडं हवा साफ करतात का?

इथे जरा हात आखडता घ्यायला हवा. पानांवर धूळ बसते, काही वायू पानांत शोषले जातात, हे खरं. पण संपूर्ण शहराच्या हवेत त्यामुळे होणारी सुधारणा बहुधा एखाद्या टक्क्यापलीकडे जात नाही. उंच इमारतींच्या अरुंद गल्लीत दाट छत्राची झाडं उलट वारा अडवून धूर खाली कोंडूही शकतात. अशा जागी रस्ता आणि फुटपाथ यांच्यामध्ये कमरेएवढं दाट कुंपण जास्त कामाचं. निलगिरी, पॉप्लर यांसारखी झाडं स्वतः असे वायू सोडतात, की गाड्यांच्या धुराशी मिळून त्यांपासून ओझोन बनतो. हवा साफ करायची तर धूर कमी करावा लागतो. झाडं लावण्याची कारणं दुसरी भरपूर आहेत.

कीटक, माती आणि मन

जगात मधमाश्यांच्या २० हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या साधारण ७० टक्के जमिनीत बीळ करून, बहुतेक एकेकट्या राहतात. झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी घातली, की वर फुलं असूनही खाली घर नाही. तरी शहर म्हणजे कीटकांचं स्मशान, असंही समजू नये. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात शहरांत शेतजमिनीपेक्षा मधमाश्यांच्या जास्त जाती सापडल्या, कारण एकाच पिकाच्या फवारलेल्या शेतापेक्षा परसबागांमध्ये फुलांची विविधता जास्त होती.

मातीचं नुकसान दिसत नाही म्हणून जास्त घातक. जमिनीवर बांधकामाची यंत्रं फिरली, की तिच्यातल्या पोकळ्या दबतात. फ्लोरिडातल्या मोजणीत अशा दाबामुळे पाणी मुरण्याचा वेग ७० ते ९९ टक्क्यांनी घटला होता. म्हणजे नकाशावर हिरवा दिसणारा तुकडा पाण्याच्या दृष्टीने जवळपास काँक्रीट असू शकतो.

मनाच्या बाबतीत सर्वांत जास्त उद्धृत होणारा पुरावा १९८४ चा. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, तरी रुग्णालयांच्या रचनेवर त्याचा परिणाम झाला.

आक्षेप पहिला: 'एक झाड तोडलं तर पाच लावू'

काम खोड करत नाही, पानांचं एकूण क्षेत्रफळ करतं. शिकागोमधल्या मोजणीत ७७ सेंटिमीटरपेक्षा जाड बुंध्याचं निरोगी झाड ८ सेंटिमीटरहून बारीक झाडाच्या सुमारे ७० पट प्रदूषक शोषत होतं. पाच रोपं हे त्याचं उत्तर होत नाही, पन्नासही नाही. निदान पुढची दोन-तीन दशकं तरी नाही. शिवाय नवी रोपं लागतात कुठे? बहुतेक वेळा शहराच्या टोकाला, म्हणजे ज्यांची सावली गेली त्यांच्यापासून लांब. भरपाई मागायचीच तर रोपांच्या संख्येत न मागता छत्राच्या चौरस मीटरमध्ये आणि त्याच वस्तीत मागावी.

आक्षेप दुसरा: 'यंत्रं आहेत की!'

यंत्रं आहेत आणि ती लागतातच. प्रश्न कोणतं काम कोणाकडून स्वस्तात होतं, एवढाच आहे. त्याचा नमुना न्यूयॉर्कमध्ये सापडतो. या शहराचं सुमारे ९० टक्के पाणी कॅटस्किल आणि डेलावेअर या लांबच्या, जंगलाने झाकलेल्या डोंगराळ पाणलोटांतून येतं. अमेरिकेत पृष्ठभागावरच्या पाण्यासाठी गाळणीचे नियम कडक झाले, तेव्हा शहरापुढे प्रचंड गाळणी केंद्र बांधायची वेळ आली. खर्चाचा अंदाज ६ ते ८ अब्ज डॉलर. त्याऐवजी १९९७ मध्ये शहराने पाणलोटातल्या गावांशी करार केला. मोक्याच्या जमिनी विकत घेतल्या, घरांच्या सेप्टिक टाक्या दुरुस्त केल्या, गोठ्यांतलं शेण-मूत्र ओढ्यात जाऊ नये यासाठी शेतकऱ्यांना मदत दिली. खर्च त्या अंदाजाच्या काही हिश्श्यात भागला. पाण्यावर क्लोरीन आणि अतिनील किरणांची प्रक्रिया होते, पण गाळणी लागत नाही.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो. त्याच शहराचा क्रोटन हा जवळचा आणि जुना पाणलोट उपनगरांनी भरत गेला. तिथे गाळणी टळली नाही. ३ अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचं ते केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं आणि क्रोटन एकूण पाण्याचा लहानसाच भाग पुरवतो. शहर एक, नियम एक. फरक पाणलोटात किती घरं आणि रस्ते झाले याचा.

पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागाही अशाच. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या क्षेत्राला २००२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत येतं, ऊन, शेवाळ आणि जिवाणू त्यातली घाण मोडतात आणि मासे ते शेवाळ खातात. तळी उथळ आहेत म्हणून ऊन तळापर्यंत पोचतं; खोली वाढवली की ही साखळी बिघडते. जमिनीचा भाव चढतो तसा या तळ्यांवरचा दबावही चढतो.

आक्षेप तिसरा: 'मग शहरं पसरट करू, सगळीकडे बाग'

पसरट शहरात घराजवळ हिरवळ मिळते, पण रस्ते लांबतात, गाड्या वाढतात आणि बाहेरची शेतं-जंगलं गिळली जातात. दाट शहर बाहेरची जमीन वाचवतं आणि आतली घोटतं. सरसकट उत्तर नाही. आयात होणाऱ्या कामांसाठी दाट बांधणी बरी; न होणाऱ्यांसाठी त्या दाटीच्या आत ओढ्याचे काठ, तळी आणि जुनी झाडं सोडावी लागतात. कोणती जागा सोडली हे किती सोडली याइतकंच महत्त्वाचं असतं. टेकडीच्या माथ्यावरची दहा एकरांची बाग पूर अडवत नाही, ओढ्याच्या खोलगटातले दोन एकर अडवतात. पाच हेक्टरांच्या पाणथळीत पाणी फक्त ३० सेंटिमीटर चढलं तरी दीड कोटी लिटर थोपवलं जातं.

आक्षेप चौथा: 'पाणी मुरवायला खड्डे केले की डास होतात'

नीट केलेल्या खड्ड्यात होत नाहीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस साचलेलं पाणी लागतं. पर्जन्यबाग, म्हणजे छताचं किंवा आवाराचं पाणी मुरवणारा झाडं लावलेला उथळ खड्डा, एक-दोन दिवसांत कोरडी व्हायला हवी.

मापं अशी. १०० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २५०० लिटर. त्यासाठी १० चौरस मीटरची बाग, वर १५ सेंटिमीटर पाणी साचण्याची जागा (१५०० लिटर) आणि खाली ६० सेंटिमीटर भुसभुशीत मिश्रण, ज्याच्या पोकळ्यांत आणखी हजारभर लिटर मावतं. मिश्रणात निम्मी वाळू, उरलेल्यात माती आणि कुजलेलं खत सारखं. इमारतीच्या पायापासून किमान तीन मीटर लांब.

आधी जागा तपासा. ३० सेंटिमीटर खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. पहिल्या भरणीचा आकडा घेऊ नका, कोरडी माती खोटा दिलासा देते. तासाला १२-१३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ठीक. कमी असेल तर तळाशी छिद्रांचा पाइप घालून जादा पाणी वाहिनीत सोडावं लागतं. भूजल तळाच्या मीटरभर खालीच असेल किंवा जमिनीत तेल-रसायनं मुरली असतील, तर तिथे पाणी मुरवूच नये.

बिघाड बहुतेक तीन ठिकाणी होतात. बांधकाम चालू असतानाच बाग केली, तर सिमेंट-मातीचा गाळ येऊन ती पहिल्याच पावसात बुजते. ती सगळ्यात शेवटी करायची. खणताना यंत्र खड्ड्याच्या आत उतरवलं, तर तळ दाबला जातो. बाजूला उभं राहून खणायचं. आणि पाणी आत येण्याची वाट आवारापेक्षा बोटभर जरी उंच राहिली, तरी पाणी शेजारून निघून जातं आणि बाग कोरडी राहते. या वाटेपाशी दगड पसरले की माती वाहून जात नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडाला तिथला गाळ फावड्याने काढला की पुढचा हंगाम निघतो.